त्र्याऐंशीनंतर अठ्ठ्याण्णव

६ मे

प्रिय मिरचे,

सप्रेम सलाम.

फोनच करणार होते. पण फोनवर तू भराभरा बोलतेस, मला अर्धं ऐकू येत नाही, आणि मी नुसती हो-हो करत भलत्यालाच होकार देऊन बसते. मागच्या वेळी तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस म्हणे, आणि मी म्हणाले, "अगं, फार चांगली आहे, मुद्दाम ये बघायला." त्यापेक्षा पत्र बरं.

सोबत एक पुस्तक पाठवते आहे. चर्चच्या कपाटातलं आहे, निळं कव्हर मीच घातलंय. आमच्या बुधवारच्या वाचनात नुकतंच संपवलं. एका पाववालीची गोष्ट आहे. तिचा नवरा घोडागाडीखाली सापडून जातो, आणि त्या दुःखातून ती विश्वासाच्या बळावर कशी उभी राहते, ते लिहिलंय. वाचनाला बसलेल्या सगळ्याजणी रडल्या. पाळकबाईंनी तर दोन रुमाल भिजवले. मला वाचताना सारखी तूच दिसत होतीस.

बच्चू जाऊन सहा महिने होऊन गेले. दफनाच्या दिवसानंतर तू चर्चची पायरी चढली नाहीस आणि माझ्या घराचीही नाही. का, ते मी विचारत नाही. पण ऑक्टोबरात वर्ष होईल. त्या रविवारी उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना आहे. तेव्हा पहिल्या बाकावर माझ्या शेजारी तू असावीस, एवढंच मला हवंय. मी लग्न केलं नाही, बच्चू एकुलता एक भाऊ, तुम्हाला मूलबाळ नाही. त्याच्यामागे माझं म्हणावं असं माणूस तू एकटीच उरलीस गं.

आत्ताच हो-नाही सांगू नकोस. आधी पुस्तक वाच. आणि उभ्याउभ्या जेवत जाऊ नकोस, मला माहीत आहे तू तसंच करतेस.

तुझी,
ताई


१७ मे

प्रिय ताई,

सलाम.

पुस्तक वाचलं. दोन दिवसांत वाचलं. दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर फेकून मारावंसं वाटत होतं, पण चर्चचं असल्यामुळे हात आवरला.

अहो, काय बाई आहे ती! या पानावर नवऱ्याच्या कबरीवर मूठभर माती टाकते, आणि पान उलटावं तर पहाटे उठून कणीक मळत चक्क गातेय! आणि ज्या गाडीवानाने नवऱ्याला चिरडलं, त्याच्याच दारात गरम पाव नेऊन ठेवतेय. वर म्हणते, पैसे नकोत. मी म्हटलं, अगं बये, मधल्या मध्ये तुला काहीच झालं नाही? एक भांडं आपटलं नाहीस? एक दिवस अंथरुणात पडून राहिली नाहीस? असली बाई मी तरी उभ्या जन्मात पाहिली नाही.

हे कसे गेले ते तुम्हाला माहीत आहे. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होते, खाली वाकले ते वाकलेच. मी आत काच घासायच्या चाकावर होते. चाकाच्या घरघरीत मला काही ऐकूसुद्धा आलं नाही. त्यानंतर मी गायले नाही, ताई. त्यानंतर मी एक दिवस दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि देवाला जे काही बोलले, ते तुमच्या पाळकबाईंनी ऐकलं असतं तर दोन्ही रुमाल कानांत कोंबले असते.

आता विषय काढलाच आहे तर सांगून टाकते. दफनाच्या दिवशी तुम्ही पहिल्या बाकापाशी ताठ उभ्या होतात. सगळी गाणी तोंडपाठ म्हणालात. एक सूर हलला नाही. मी तुमच्याकडेच बघत होते. तेव्हाच मनाशी म्हटलं, या लोकांत आपलं काही काम नाही. टोमणा मारत नाहीये. तुमचा विश्वास तुम्हाला आधार देतो, देऊ दे, मला बरंच वाटतं. पण त्या बाकावर मला बसवू नका. सगळ्या पाववाल्या आणि त्यात मी एकटी तोंड वाकडं करून, कशाला?

पुस्तक मात्र इतक्यात परत करत नाही, कारण त्याचा एक उपयोग सापडलाय. जवळचं वाचायचा नंबर तपासायला आमच्याकडे जे कार्ड असतं, ते हाताळून पिवळं पडलंय. त्याच्या जागी तुमची पाववाली ठेवलीय. अक्षर बारीक आहे, छपाई स्वच्छ आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवते आणि म्हणते, वाचा चार ओळी. म्हणजे अगदीच वाया गेली नाही बिचारी.

तुमची,
मिरची

ता.क. उभ्याउभ्या जेवत नाही. स्टुलावर बसून जेवते.


२८ मे

प्रिय मिरचे,

सप्रेम सलाम.

देवाधर्माच्या पुस्तकाचं तू नंबर तपासायचं कार्ड केलंस! मी पाळकबाईंना हे सांगितलेलं नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. पण खरं सांगू, पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. नंतर मात्र हसू आलं नाही.

तुला वाटतं तशी ती पाववाली खोटी नाही गं. मधल्या मध्ये तिला काही झालं नसेलच, असं कशावरून? सगळंच काही सांगायचं नसतं. काही गोष्टी माणसाच्या आतच राहिलेल्या बऱ्या. आमच्याकडेही सगळ्यांना ती सारखीच आवडली असं नाही. आमच्यात एक शिवणवाली बाई येते, तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. पुस्तक संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "इतक्या लवकर?" आणि आपली टोपली उचलून निघून गेली. मला तिचं ते विचारणं फार लागलं.

माझ्या गाण्याचं म्हणशील, तर लहानपणापासूनची सवय आहे. त्यात विशेष काही नाही. तू त्यावरून एवढा अर्थ काढशील असं वाटलं नव्हतं.

ऑक्टोबराला अजून वेळ आहे. मी हट्ट करत नाही. पण दार लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


१४ जून

प्रिय ताई,

सलाम.

तुमच्या पाववालीने माझ्या दुकानात धुमाकूळ घातलाय. ऐका गंमत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असतो तो टॅक्सीवाला दीड नंबरचा चष्मा करायला आला. वाचा म्हटलं चार ओळी. गडी वाचतच बसला. मी म्हटलं, "दिसतंय ना नीट?" तर म्हणे, "बाई, जरा थांबा, ती त्या गाडीवानाकडे चाललीय." चष्मा तयार झाला, पैसे दिले, तरी रोज दुपारी टॅक्सी बाजूला लावून येतो, काउंटरला टेकून दोन पानं वाचतो आणि डोळे पुसत जातो. त्याची बायको मागच्या वर्षी गेली. पाव दाराशी ठेवायची जागा त्याने तीनदा वाचली. मी त्याला विचारलं, "तुम्हाला हे पटतं?" तो म्हणाला, "पटायचं काय त्यात? आपल्याला जमलं नाही, कुणाला तरी जमलं, बरं वाटतं."

मी पुन्हा काच पुसायला लागले. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्या आहेत त्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटून जमाना झाला, पण बाई अजून सगळ्या गावाची वही तपासत असतात. त्यांना ती गोष्ट भावनेत लोळणारी वाटते. "असल्या पुस्तकांनी माणसं रडायला शिकतात, विचार करायला नाही," म्हणाल्या. मला त्यांचा इतका पुळका आला की चौकटीवर सूट दिली. त्यांचा चष्मा पुढच्या महिन्यात तयार होईल, काचा बाहेरून मागवल्यात.

तुम्ही म्हणता दार लावू नकोस. लावलेलं नाहीये. पण आत येऊन मी काय बोलू, ताई? तुम्ही सगळ्या ज्याच्याशी बोलता, त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. तुमच्याशी नाही. एवढं लक्षात ठेवा आणि गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
मिरची


१२ जुलै

ताई,

मुख्याध्यापिकाबाई आज चष्मा न्यायला आल्या. घातला, पुस्तक घेतलं, वाचलं, आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "सदोष आहे," म्हणाल्या. म्हटलं, काय झालं? म्हणे, "आकडे चुकीचे दिसतात. त्र्याऐंशीनंतर अठ्ठ्याण्णव दिसतं."

मी काचा यंत्राखाली घातल्या. नंबर बरोबर. मधला बिंदू बरोबर. चौकट सरळ केली, पुन्हा घातला. "अठ्ठ्याण्णव," म्हणाल्या. दुसरा चष्मा दिला. "अठ्ठ्याण्णव." घाम फुटला मला. मग त्या म्हणाल्या, "तुमचे यजमान असते तर असं झालं नसतं." ताई, तिथे माझा जीव अर्धा झाला. ह्यांच्यादेखत कधी काच घासताना चूक झाली नाही माझ्याकडून, आणि आता एकटीने काम करायला लागल्यावर झाली, असंच वाटलं.

शेवटी माझा स्वतःचा चष्मा चढवून पुस्तक हातात घेतलं. त्र्याऐंशी. पान उलटलं. अठ्ठ्याण्णव.

ते पान जाड लागतं हे मला पहिल्यापासून जाणवलं होतं. पण तुमच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची तुम्ही खळ लावून लावून इतकी डागडुजी करता, की वाटलं, असेल काहीतरी फाटलेलं. मुख्याध्यापिकाबाईंना चहा दिला, माफी मागितली (चष्मा बरोबर असून!), आणि त्या गेल्यावर किटलीच्या वाफेवर ती पानं सोडवली. एकेक.

आख्खं प्रकरण आहे तिथे, ताई!

माती टाकून ती घरी येते आणि भट्टी विझवते. लोक पाव मागायला येतात, ती दार उघडत नाही. मग एका दुपारी रिकाम्या चर्चमध्ये जाते, सगळ्यात मागच्या बाकावर बसते आणि देवाला तोंडाला येईल ते बोलते. म्हणते, तुला माझाच माणूस दिसला? म्हणते, मी यापुढे तुझ्याशी बोलणार नाही. गाण्याचं पुस्तक उचलून वेदीकडे भिरकावते. कुणी उत्तर देत नाही. झाडलोट करणारा म्हातारा येतो, पुस्तक उचलून जागेवर ठेवतो आणि तिच्यापासून थोडं अंतर सोडून बसून राहतो. ती ऋतूभर भट्टी पेटवत नाही. त्यानंतर कुठे, अठ्ठ्याण्णवाव्या पानावर, ती गाते.

मी ते प्रकरण काउंटरमागे जमिनीवर बसून वाचलं. दुकानात गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं, मी उठले नाही. ताई, वर्ष होत आलं, मी समजत होते की देवावर ओरडणारी जगात मी एकटीच. की मी वाईट आहे, म्हणून मला तुमच्यासारखं गाता येत नाही. आणि माझी बाई त्याच पुस्तकात होती! कुणीतरी तिला खळ लावून बंद केलं होतं.

खळ कुणाची ते मी ओळखते. का केलंत?

मिरची


१९ जुलै

प्रिय मिरचे,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. मुख्याध्यापिकाबाईंनी तुला असं बोलायला नको होतं, मला फार वाईट वाटलं. बच्चू नेहमी सांगायचा की काचा घासण्यात तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला.

पानांचं म्हणशील तर आमच्या कपाटाला ओल आहे. मागच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बरीच पुस्तकं अशी चिकटून बसलीत. मी कळवलंय कार्यालयात. पुस्तक सवडीने परत पाठव.

इकडे सगळं ठीक.

तुझी,
ताई


२५ जुलै

प्रिय ताई,

ओल?

ओल प्रकरण जिथे सुरू होतं तिथे सुरू होते, आणि जिथे संपतं तिथे थांबते? पुढच्या-मागच्या एकाही पानाला डाग पडू न देता? ओलीला वाचता येतं की काय? असली हुशार ओल मलाही पाठवून द्या, दुकानात कामाला ठेवते.

खोटं बोलायला तुम्ही कधी शिकलाच नाहीत, ताई. आमच्या लग्नात मी केलेली खीर जळली होती, तेव्हा "छान, खमंग झालीय" म्हणालात आणि वाटी खुर्चीखाली लपवलीत. तेव्हापासून मला माहीत आहे.

मी रागावलेय, पण भांडायला बसलेली नाही. मला फक्त खरं सांगा. त्या पाववालीने तुमचं काय बिघडवलं होतं?

तुमची,
मिरची


२० ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्र नाही, काही नाही. तोंडचं पाणी पळालंय माझं.

शेवटी चर्चच्या कार्यालयात फोन केला. पाळकबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, ताई कितीतरी बुधवार वाचनाला आल्या नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात, रविवारीही मागच्या मागे निघून जातात. गुडघा दुखत असताना तुम्ही तीन जिने चढून आमच्या घरी फराळाचा डबा आणायचात. तेव्हा गुडघ्याचं मला सांगू नका.

मी फार टोचून लिहिलं का? मी आहेच तशी, तुम्हीच तर नाव ठेवलंत. पण तुम्ही गप्प बसलात तर मी भांडू कुणाशी? उरलंय कोण आता? उत्तर नका देऊ त्या प्रश्नाचं. पुस्तक गेलं उडत. नुसती खुशाली कळवा.

तुमचीच,
मिरची


३० ऑगस्ट

माझ्या लाडक्या मिरचे,

खुशाल आहे. गुडघाही बरा आहे. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे.

वाचनाला घ्यायचं पुस्तक मी आधी एकटी वाचते, तशी रीतच आहे माझी. हेही वाचलं. तिने गाण्याचं पुस्तक भिरकावलं तिथे आले आणि पान मिटून टाकलं. पुढे वाचवेना. त्या बुधवारी वाचायची पाळी माझीच होती. सगळ्यांसमोर मोठ्याने ते वाचलं असतं तर माझा आवाज फुटला असता, आणि ती वाक्यं त्या बाईची नाहीत, माझी आहेत, हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून सकाळीच खळ शिजवली आणि तासाभरात तिला बंद करून टाकलं. दुपारी सगळ्याजणी पावावर रडल्या. मीही रडले. पण मी चिकटवलेल्या पानांवर रडत होते.

आई गेली तेव्हा बच्चू चार वर्षांचा होता. त्याला मी वाढवला गं. त्याचे दात पडले ते मी बघितले, त्याला पहिला चष्मा लागला तेव्हा मी रडले आणि तो म्हणाला, "ताई, झाडाला पानं असतात, मला माहीतच नव्हतं." तो माझ्या आधी कसा जाऊ शकतो? मला हे मान्य नाही. अजून नाही. तो गेल्यापासून मी फक्त तोंडाने प्रार्थना करते. बुधवारी करते, रविवारी करते, आजारी माणसांच्या उशाशी बसून करते, सगळे म्हणतात, ताईंनी प्रार्थना केली की बरं वाटतं. मला काही वाटत नाही. आत नुसता राग आहे, आणि त्या रागाची मला भीती वाटते.

दफनाच्या दिवशी मी गात होते, कारण थांबले असते तर किंचाळले असते. तू बघत होतीस हे मला माहीत होतं. मला वाटलं, मी ताठ राहिले तर तूही उभी राहशील. तुला पुस्तक पाठवतानाही वाटलं, पानं सोडवावीत. मग म्हटलं, ताईच डळमळली आहे असं कळलं तर ही पोर कुठे जाईल? तू तर मला बघूनच निघून गेलीस. किती उलटं झालं गं हे.

बाकावर बस असं आता म्हणत नाही. बच्चूसाठी ये असं नाही, देवासाठी ये असं तर मुळीच नाही. मला त्या दिवशी एकटीने तिथे उभं राहवणार नाही. म्हणून येशील का?

तुझी,
ताई


१० सप्टेंबर

माझ्या ताई,

तुमचं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसते आणि रडून उठते. दुकानात सांगितलंय, डोळे आलेत. चष्म्याच्या दुकानात हे कारण चालतं.

आधी टॅक्सीवाल्याचं सांगते. मी त्याला सोडवलेली पानं दाखवली. म्हटलं, हे बघा, खरी गोष्ट इथे आहे, वाचा. त्याने दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. म्हणाला, "नको बाई. एवढं मला माहीत आहे. मला त्याच्या पुढचंच हवं होतं." मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र तिथेच उभं राहून सगळं प्रकरण वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही दाखवलंत?" जाताना दारातून मागे येऊन म्हणाल्या, "माझे यजमानही मला न सांगता गेले." यजमान होते त्यांना, हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हा तुमच्या खळीने कुणाचं तरी भलंही झालं. मी आता त्यावर काही बोलणार नाही. म्हणजे अधूनमधून बोलेन, चिडवायला.

मी येते. शनिवारच्या बसने येते, रात्री तुमच्याकडे राहीन. पण माझ्या अटी ऐका. मी गाणार नाही. गाणं सुरू झालं की सगळे उभे राहतात, मी उभी राहणार नाही. आणि तुम्हीही राहायचं नाही. आपण दोघी पहिल्या बाकावर बसून राहू. लोक बघतील, बघू देत. पाळकबाईंना रुमाल लागेल, लागू दे. तुम्ही वर्षभर ताठ उभ्या आहात, आता बसा जरा.

खीर करू नका. मी करते. जळली तर खमंग म्हणा.

तुमची,
मिरची


५ ऑक्टोबर

प्रिय मिरचे,

अटी मंजूर. गादी उन्हात घातली आहे.

तू परत पाठवलेलं पुस्तक मिळालं. बुधवारी वाचनाला गेले आणि ते प्रकरण मोठ्याने वाचलं. आवाज दोनदा फुटला. दुसऱ्यांदा फुटला तेव्हा मी सांगून टाकलं की पानं मीच चिकटवली होती. ओल वगैरे काही नाही.

पाळकबाईंना आवडलं नाही. म्हणाल्या, दुबळ्या माणसाच्या हाती असलं पुस्तक पडलं तर त्याचा विश्वास जायचा. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या बिचाऱ्या. मला त्यांचा राग आला नाही, मी स्वतः तेच केलं होतं ना. दोघीतिघी लवकर उठल्या. शिवणवाली बाई मात्र टोपली खाली ठेवून माझ्या शेजारी सरकली. म्हणाली, "ताई, ते परत एकदा वाचा. हळू वाचा." मग मी तिच्यासाठी पुन्हा वाचलं.

शनिवारी स्टँडवर येते. नको म्हणू नकोस.

तुझी,
ताई


२४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोप काढली, मला हलता आलं नाही, म्हणून विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

रविवारी मला एकाएकी काय झालं ते तुम्ही स्टँडवर दोनदा विचारलंत, आणि दोन्ही वेळा मी बसचं निमित्त काढून टाळलं. आता सांगते.

मी बसूनच राहणार होते, ताई. ठरवूनच आले होते. पहिलं गाणं ह्यांचं आवडतं निघालं, काच घासताना चाकाच्या आवाजावर ओरडून म्हणायचे ते. सगळे उभे राहिले. तुम्ही बसून राहिलात. मी तिरक्या नजरेने बघितलं, तुमचे ओठ घट्ट मिटलेले होते. इतक्या लहान दिसत होतात. एक कडवं झालं. मागे सगळी मंडळी गात होती आणि पहिल्या बाकावर, जिथे ह्यांच्या घरची माणसं बसतात, तिथे नुसती शांतता. मला ते सहन होईना. ह्यांचं गाणं, ह्यांचा दिवस, आणि ह्यांच्या घरचं कुणीच गात नाही? ह्यांच्या बहिणीने वर्षभर गायलं, आता तिच्यात जोर उरला नाही. मग उरलं कोण? म्हणून उठले. तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि गायले. सूर किती चुकला ते तुम्ही ऐकलंत. पाळकबाईंनी मान वळवून बघितलं, ते बहुतेक सुरासाठीच.

गाता गाताच मला कळलं, तुम्ही दफनाच्या दिवशी का गात होतात. तेव्हा मी बसले होते. मी गाऊ शकत नव्हते, म्हणून तुम्ही गात होतात. विश्वास दाखवायला नाही आणि मला कमी लेखायलाही नाही. घरचं कुणीतरी गायला हवं होतं, बस्स. आणि मी त्यावरून वर्षभर तुमच्यापासून लांब राहिले. कान पकडते.

गैरसमज करून घेऊ नका, देवाशी माझं अजून बोलणं सुरू झालेलं नाही. मी निघताना तुम्ही सांगितलंत, की आज सकाळी वर्षात पहिल्यांदा तुम्ही त्याला मनापासून काहीतरी बोललात, आणि ते एवढंच होतं की मला तुझा राग आलाय. मला ते ऐकून किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. मला त्याने अजून तेवढंही सुचू दिलेलं नाही. सुचेल कधीतरी. तोवर तुम्ही माझ्या वाटचंही थोडं रागवा.

डिसेंबरात पुन्हा येईन. त्यानंतरही येत जाईन. तुमचे पाय थकले, आवाज गेला, मन उठलं, की नुसती माझ्याकडे बघा, मी उभी राहीन. माझं तसं झालं की तुम्ही राहा. दोघींनी एकदम ताठ उभं राहायची काही गरज नाही, ताई. बाकावर एक जण उभी असली म्हणजे झालं.

तुमचीच,
मिरची